काठ, पदर आणि घराच्या भिंती

मुसी नदीवरच्या नव्या पुलाच्या मध्यावर उभे राहिले, की हैदराबादचे दोन स्वभाव एकाच वेळी दृष्टीस पडतात. उत्तरेकडच्या, म्हणजे अफझलगंजच्या, काठावर उस्मानिया रुग्णालयाचे चुन्याच्या गिलाव्याचे फिकट घुमट. दक्षिणेच्या काठावर उच्च न्यायालयाची गुलाबी ग्रॅनाइटची व तांबड्या वालुकाश्माची इमारत. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुराने हा परिसर उद्ध्वस्त केल्यानंतरच्या दोन दशकांत या वास्तू उभ्या राहिल्या. सकाळच्या कोवळ्या उन्हात दोन्ही सारख्याच रमणीय दिसतात. भर दुपारी मात्र पांढऱ्या घुमटाकडे पाहवत नाही, आणि तांबडा दगड तेवढा डोळ्यांना विसावा देतो. घराच्या रंगाविषयी कोणी सल्ला विचारला, तर मी त्यांना आधी या पुलावर दोनदा उभे राहून या, असे सांगते. लोक हसतात. पण रंग हा डब्यात नसतो, तो उजेडात असतो, हे समजावून सांगण्याची याहून सोपी रीत मला सापडलेली नाही.

हा सल्ला अलीकडे मला स्वतःच्याच घराण्यात द्यावा लागला. माझ्या आत्याबाईंचे घर अफझलगंजहून गवळीगुड्याकडे जाणाऱ्या एका बोळात आहे. घर जुने, दगडचुन्याचे; भिंती दीड हात रुंद, मध्ये लहानसा चौक, आणि खोल्यांत येणारा बहुतेक उजेड त्या चौकातूनच येणारा. एके काळी वर माळवद होते, आता स्लॅब आहे. लग्न होऊन त्या घरात आल्याला आत्याबाईंना सत्तावन्न वर्षे झाली. दोन वर्षांपूर्वी त्या काशीयात्रेला गेल्या असता, त्यांना आनंदाचा धक्का द्यावा म्हणून मुलाने सारे घर आतून नवे करून घेतले. हेतू प्रेमाचाच होता. भिंती राखी, छत पांढरे, दारे काळपट करडी, आणि जुन्या शहाबादी फरशीवर राखी रंगाच्या गुळगुळीत टाइल्स. मासिकांतल्या चित्रांत अशी घरे फार सुंदर दिसतात. त्या चित्रांत सहसा माणसे नसतात, हेही लक्षात घ्यावे.

आत्याबाई परत आल्या, त्यांनी कौतुक केले, आणि तिसऱ्या आठवड्यात माजघरातून स्वयंपाकघरात उतरताना पडल्या. मनगट मोडले. ती चार बोटांची पायरी त्यांनी सत्तावन्न वर्षे रोज पन्नास वेळा ओलांडलेली. पण पूर्वी तेथे तांबडा कोबा संपून काळसर फरशी सुरू होत असे, आणि आता खाली-वर तीच राखी टाइल. दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, “मला पायरी दिसलीच नाही ग. सगळ्या घरात धूर भरल्यासारखं वाटतं बघ.”

हे बोलणे नुसते म्हातारपणाचे गाऱ्हाणे नव्हते. वयोमानाने डोळ्यातील भिंग पिवळट व गढूळ होत जाते आणि बाहुली पूर्वीइतकी मोठी उघडत नाही. विशीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक-तृतीयांशच साठीतल्या माणसाच्या पोचतो, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. निळे, जांभळे आणि करडे यांतले बारीक भेद प्रथम पुसले जातात. पिवळा, केशरी, तांबडा हे रंग अखेरपर्यंत साथ देतात. आत्याबाईंच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, दुसऱ्याची व्हायची होती. ज्या घरात त्या डोळे मिटून वावरत, त्या घरात आता डोळे उघडे ठेवूनही त्यांना चाचपडावे लागत होते.

मुलगा बिचारा खजील झाला आणि पुन्हा रंग काढायचे ठरले. येथे एक अडचण उभी राहिली, ती रंगाऱ्याची नव्हे, नातलगांची. घरातल्याच एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “या वयात हळदी-शेंदरी भिंती कशाला? मोतिया द्यावा, शांत दिसतो.” वरवर पाहता हे बोलणे वयाविषयी होते, आतला अर्थ सर्वांनाच कळला. आत्याबाईंचे यजमान जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. आपल्या समाजाने ज्या अनेक गोष्टी विधवेच्या अंगावरून काढून घेतल्या, त्यांत रंग पहिला. कायद्याने, शिक्षणाने आणि काळाने पुष्कळ बदल घडवला, तरी हा धागा कोठेतरी शिल्लक असतोच. आत्याबाईंनी शांतपणे उत्तर दिले, “भिंतीचे यजमान जिवंत आहेत की.” आणि त्यांनी मला पत्र्याची पेटी उघडायला सांगितली.

माझ्या मते घराचे रंग निवडण्याची ही सर्वांत प्रामाणिक जागा आहे. दुकानात हजार-दीड हजार छटांचे कार्ड हाती देतात. त्यातून निवडताना माणूस भांबावतो आणि शेवटी शेजाऱ्याने घेतला तोच घेतो. उलट आपण पन्नास वर्षे आपल्या पैशांनी, आपल्या हौसेने जे रंग पुन्हा पुन्हा विकत घेतले, ते आपल्या पेटीत पडून असतात. आत्याबाईंच्या पेटीत चार नारायणपेठी निघाल्या, त्यांतल्या तीन हळदी अंगाच्या. नारायणपेठ तेलंगणातच आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या दक्षिणेतील मोहिमेच्या वेळी छावणीतले काही विणकर तेथे राहिले आणि त्यांनी हे विणकाम रुजवले, अशी आख्यायिका आहे. दोन इरकली होत्या, एक डाळिंबी काठाची जुनी पैठणी होती, खणाचे तुकडे होते. सगळे उलगडून खाटेवर पसरले तेव्हा उत्तर समोरच दिसत होते: हळदी, डाळिंबी, विटकरी, आणि थोडा मोरपंखी. राखी रंगाची एकही वस्तू नव्हती.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या भाषेतील रंगांची नावे पाहा: हळदी, डाळिंबी, आमसुली, लिंबोणी, बदामी, अंजिरी, श्रीखंडी, अबोली, गुलबक्षी, पोपटी, मोरपंखी. स्वयंपाकघर, परसबाग आणि झाडावरचे पाखरू यांतूनच ती आली आहेत. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही आपल्या बायका साडीच्या दुकानात ‘चिंतामणी दाखवा’ म्हणतात आणि सुलतान बाजारातला तेलुगूभाषक दुकानदार बिनचूक तोच तागा काढतो. दूर दक्षिणेत तंजावरच्या मराठ्यांनी आपल्या दरबार महालाचे खांब आणि कमानी झगझगीत रंगांनी भरून टाकल्या. कोकण-गोव्याच्या देवळांत चुन्यावर कावेच्या तांबड्या रंगाची नक्षी खुलली. रंगाला भिण्याची आपली रीत नव्हती.

पेटीतला रंग तसाच उचलून भिंतीला फासावा, असे मात्र मुळीच नाही. येथेच पुष्कळांची फसगत होते. साडी अंगावर असते तेव्हा तिच्याभोवती मोकळी हवा असते. खोलीच्या चार भिंती एकमेकींसमोर असतात. एकीचा पिवळा दुसरीवर पडतो, तिचा पुन्हा पहिलीवर, आणि बोटभर नमुन्यात सौम्य वाटलेला रंग खोलीत अंगावर येतो. म्हणून कार्डावर आवडलेल्या छटेपेक्षा दोन पायऱ्या फिकी आणि थोडी मातकट छटा घ्यावी. शिवाय अंधाऱ्या घरात उजेडाचा हिशेब ठेवावा लागतो. स्वच्छ पांढरा चुना पडलेल्या उजेडापैकी सुमारे चार-पंचमांश परत देतो, फिकट पिवळा दोन-तृतीयांशाच्या आसपास. गर्द तांबडा मात्र दहा-पंधरा टक्क्यांवर देत नाही. चौकातून येणाऱ्या तुटपुंज्या उजेडाच्या खोलीला चारही बाजूंनी डाळिंबी रंग दिला असता, तर आत्याबाई राखीतून निघून अंधारात पडल्या असत्या.

मग कोणता रंग किती? सजावटीच्या पुस्तकांत याची टक्केवारी दिलेली असते. आत्याबाईंना ती वाचून दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, “एवढं काय त्यात? अंग, काठ, पदर.” मला स्वतःला हे सुचले नव्हते, हे कबूल करते. साडीचे अंग सर्वांत मोठे आणि शांत. काठ अरुंद, पण तोच अंगाला आकार देतो. पदर भरजरी, परंतु एकच आणि एकाच जागी. तेच घराला लावले. अंग म्हणजे भिंती: फिकट पिवडीचा रंग. काठ म्हणजे दारे-खिडक्यांच्या चौकटी आणि जमिनीलगतचा वीतभर पट्टा: विटकरी. पदर म्हणजे देवघराचा कोनाडा आणि त्याभोवतीची तेवढीच भिंत: डाळिंबी. मोरपंखी रंग आत्याबाईंनी फक्त कपाटाच्या आतल्या बाजूस दिला. दार उघडले की दिसावा आणि मिटले की नाहीसा व्हावा म्हणून. पैठणीच्या पदरावरचा मोरही असाच घडीत लपलेला असतो.

काठाचे महत्त्व ही केवळ हौस नाही. पॅरिसच्या गोब्लँ या प्रसिद्ध गालिचे-कारखान्यात शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासले तेव्हा रंगात दोष नव्हता. शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे तो काळा फिका भासत होता. १८३९ मध्ये त्यांनी यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढच्या पिढ्यांतील चित्रकारांनी त्यापासून पुष्कळ घेतले. चित्रकार मोने यांचे जिव्हेर्नी येथील घर आजही पाहता येते. जेवणघर दोन पिवळ्या छटांचे, आणि दार उघडले की पलीकडचे स्वयंपाकघर निळे. पिवळ्यात उभे राहून निळ्याकडे पाहायचे, अशी ती योजना. आपल्या विणकराने ग्रंथ न वाचता हळदी अंगाला डाळिंबी काठ लावला, तो याच जाणिवेने.

उजेडाच्या दिशेचा विचार हैदराबादकरांनी थोडा निराळा करावा. हे शहर सुमारे साडेसतरा अक्षांशांवर आहे. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो; एरवी वर्षभर दक्षिणेस. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड थंड, निळसर. त्या खोलीला पिवळ्या-केशरी रंगाची ऊब मानवते. पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतर ऊन स्वतःच केशरी होऊन येते. तेथे आणखी केशरी दिले तर संध्याकाळी खोली पेटल्यासारखी दिसते. आत्याबाईंच्या पश्चिमेच्या खोलीला म्हणूनच पिवडीचा नुसता स्पर्श असलेला पांढरा रंग दिला. आणि स्लॅबवर, बाहेरून, पांढरा चुनाच. तेलंगण सरकारने २०२३ साली शीतल छपरांचे धोरण जाहीर केले, त्यातले मर्म हेच. आपल्या आज्यांच्या माळवदांना ते ठाऊक होते. रंगाची हौस घराच्या आत, उन्हाशी व्यवहार बाहेर.

आता चुन्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण खरी लढाई तेथेच झाली. राखी रंग काढावा म्हणून भिंत खरवडली, तेव्हा त्याखाली ओल निघाली. जुन्या दगडचुन्याच्या भिंती जमिनीतले पाणी थोडेफार शोषतात आणि उन्हाळ्यात हवेला परत देतात. त्या श्वास घेतात, असे जुने गवंडी म्हणत. त्यांच्यावर प्लॅस्टिक रंगाचे वा ऑइलपेंटचे कवच चढवले, की पाणी आतच कोंडते. वर्षा-दोन वर्षांत फुगे, पोपडे, मिठाचा पांढरा फुलोरा. ज्या ठेकेदाराने ते काम केले, त्याने ओलीवर सिमेंटचा हात फिरवून वर रंग चढवला होता. ओल अडली नाही, हातभर वर सरकली. आम्ही आधी न्हाणीचा गळका नळ आणि चौकातली तुंबलेली मोरी दुरुस्त केली, सिमेंटचा थर काढून चुन्याचा गिलावा करवून घेतला, आणि भिंती वाळेपर्यंत एक उन्हाळा थांबलो. रंगकामातला सर्वांत कठीण भाग हा थांबण्याचा.

भिजवलेली चुनकळी गाळून, त्यात थोडा डिंक वा सरस घालून, भिंत ओलसर करून पातळ हात द्यायचे. एक जाड हात देण्याऐवजी तीन पातळ. ओला असताना चुना पारदर्शक आणि गडद दिसतो, वाळला की उजळतो. म्हणून पहिल्या दिवशी घाबरू नये. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा चुनखडी बनतो, म्हणजे भिंतीवर दगडाचाच एक पापुद्रा चढतो. चुनकळी भिजवताना उकळते, डोळ्यांत उडाली तर डोळा जाऊ शकतो. हे काम मुलांना दूर ठेवून, चष्मा लावूनच करावे.

चुन्यात कोणता रंग टिकतो, हाही प्रश्न आहे. हळदी रंग हवा म्हणून माझ्या भाचीने हळदच घालू या, असे सुचवले. पण हळद चुन्याच्या संगतीत लाल होते. कुंकू याच गुणामुळे हळदीपासून करीत आले. शिवाय हळदीचा रंग उन्हात उडतो. पिवडी आणि गेरू या मात्र मातीच आहेत, त्यांतला रंग लोखंडाचा. चुना आणि ऊन दोन्ही त्यांना मानवतात. पिवडी भाजली तर ती तांबडी होते, म्हणून पिवळी भिंत आणि विटकरी काठ एकमेकांना परके वाटत नाहीत. ती एकाच मातीची लेकरे. चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक रंग घालू नये, नाहीतर येता-जाता तो पदराला लागतो. भिंतीच्या दोन निरनिराळ्या जागी दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. आम्ही पाच चौकोन काढले. आत्याबाईंनी आठ दिवस रोज त्यांच्यासमोर बसून चहा घेतला आणि चौथा निवडला.

दारांविषयी एक गंभीर सूचना. जुन्या घरांच्या दारांवर झळझळीत पिवळ्या, केशरी, तांबड्या ऑइलपेंटचे थरावर थर असतात. त्या तजेल्यापाठी पुष्कळदा शिशाचे क्षार असत. घरगुती रंगांत दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक शिसे असू नये, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे दार कोरड्या पॉलिशकागदाने घासले तर ती धूळ घरभर उडते, आणि रांगत्या मुलांच्या बोटांवाटे पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा जो परिणाम होतो, तो भरून येत नाही. आत्याबाईंकडे दीड वर्षाची पणती येते-जाते. म्हणून दारे घासलीच तर ओली करून घासली, चिंध्या आणि चोथा लगेच बांधून टाकला, मुलांना त्या आठवड्यात बाहेर ठेवले. नव्या डब्यावर शिशाविषयीची नोंद वाचून मगच तो घ्यावा. सुट्टा, बिननावाचा रंग स्वस्त पडला तरी घेऊ नये.

रंग झाल्यावर दिवे लावले आणि आत्याबाईंचा चेहराच उतरला. पिवडी हिरवट, डाळिंबी कोनाडा काळसर. दोष रंगाचा नव्हता, दिव्यांचा होता. आपल्याकडे पांढरा-निळा झगझगाट म्हणजे अधिक उजेड, अशी समजूत आहे. एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो. ६५०० चा दिवा निळसर, २७०० ते ३००० चा जुन्या बल्बसारखा पिवळसर. तांबडे रंग खरे दिसावेत तर खोक्यावरचा रंगदर्शनाचा निर्देशांक नव्वदच्या वर असावा. सहा दिवे बदलले आणि घर पुन्हा उजळले. स्वयंपाकघरात ओट्यावर मात्र थोडा पांढरा दिवा ठेवला. डाळीतले खडे निवडायला तोच बरा.

राहिली ती पायरी. टाइल्स उखडण्याएवढे पैसे उरले नव्हते. पायरीच्या कडेला दोन इंचांची, खरखरीत, फिकट पिवळी पट्टी बसवली. येथे तांबडी पट्टी लावण्याचा मोह झाला होता. परंतु अंधूक दृष्टीला रंगाहून फिका-गडद हा फरक आधी कळतो, आणि गर्द तांबडा व राखी संध्याकाळी एकच होतात. डोळे बारीक करून पाहावे, किंवा मोबाइलवर रंगविरहित छायाचित्र काढून पाहावे. त्यात पट्टी वेगळी दिसली तर ती उपयोगी. तीच पट्टी न्हाणीच्या उंबऱ्यावर आणि चौकाच्या तिन्ही पायऱ्यांवर बसवली.

मुलाची खोली राखीच राहिली. त्याने बदलायची तयारी दाखवली होती. आत्याबाईंनीच नको म्हटले. “त्याला तो रंग खरंच आवडतो. तिथे मी कशाला पडायला जाते?” आणि देवघराच्या डाव्या हाताचा हात-दीड हात पट्टा अजून पावसाळ्यात काळवंडतो, तेथे त्यांनी रंग देऊ दिलेला नाही. दिवाळीपर्यंत वाळला तर पिवडीचे दोन हात द्यायचे ठरले आहे. पिवडीची पुडी बेगम बाजारातून आणून ठेवली आहे, पत्र्याच्या त्याच पेटीत, नारायणपेठींच्या खाली.